कुंपण, पूल आणि काटेरी तारेवरचे केस: बँफच्या महामार्गावरचं अस्वलांचं प्रकरण

कॅल्गरीत कुणी नातेवाईक असलेल्या मराठी घरांत बँफचे फोटो हमखास सापडतात. निळंशार तळं, मागे बर्फाचे डोंगर, आणि मधेच गाडीच्या काचेतून घाईघाईत टिपलेला एक वेगळाच फोटो: महामार्गाच्या डोक्यावरून आडवा गेलेला, गवत-झाडी उगवलेला पूल. त्यावर ना गाडी, ना माणूस. हा पूल जनावरांसाठी आहे हे पाहुण्यांना कुणीतरी सांगतं, ते ‘वा!’ म्हणतात आणि गाडी पुढे जाते.

अस्वलं या पुलांवरून जातात, हे कॅनडाची राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या ‘पार्क्स कॅनडा’ या सरकारी संस्थेला पहिल्या काही वर्षांतच कळलं होतं. त्या जाण्याने अस्वलांच्या जमातीला काही फायदा होतो का, हे कळायला मात्र २०१३-१४ साल उजाडावं लागलं. ते कळलं अस्वलांच्या केसांच्या मुळांमधून. रस्ता रुंद करताना ‘वन्यजीवांसाठी उपाययोजना केली आहे’ हे वाक्य अहवालात टाकणं सोपं असतं. ती उपाययोजना खरंच काम करते का, हे तपासण्याचा इतका नेटका प्रयत्न क्वचितच झाला असेल, म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर मांडतो.

खोरं एकच, दावेदार अनेक

बँफ हे कॅनडाचं पहिलं राष्ट्रीय उद्यान. १८८५ मध्ये गरम पाण्याच्या झऱ्यांभोवतीची थोडी जमीन राखीव झाली, १८८७ मध्ये उद्यान झालं. आजचं क्षेत्रफळ सुमारे ६,६०० चौरस किलोमीटर. आकडा मोठा वाटतो, पण त्यातला बराच भाग नुसता खडक आणि बर्फ आहे. हिवाळा लवकर सरतो, गवत आधी उगवतं, नदीकाठी चारा आणि झुडपांवर फळं मिळतात, असा सखल भाग उद्यानाच्या तीन टक्क्यांच्या आसपास. तो मुख्यतः बो नदीच्या खोऱ्यात आहे. आणि त्याच खोऱ्यात एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, बँफ आणि लेक लुईस ही गावं वसली, आणि १९६२ मध्ये ट्रान्स-कॅनडा महामार्ग खुला झाला. अस्वलाला हवी ती जागा आणि माणसाला हवी ती जागा एकच निघाली. डोंगराळ मुलखात हे जवळजवळ सगळीकडे होतं.

महामार्गावरची वाहतूक वाढत गेली. या प्रकरणातला मुख्य अभ्यास झाला त्या काळात उद्यानाच्या पूर्व दारापाशी दिवसाला सरासरी सतरा हजारांहून जास्त वाहनं जात होती, उन्हाळ्यात तर तीस हजारांवर. एल्क (हरणांतलीच एक मोठी जात) आणि हरणं गाड्यांखाली येत होती, माणसंही जखमी होत होती. १९८१ पासून टप्प्याटप्प्याने चौपदरीकरण सुरू झालं, आणि त्याच्या जोडीने दोन्ही बाजूंना २.४ मीटर उंचीचं जाळीचं कुंपण आलं. नुसतं कुंपण घातलं असतं तर उद्यानाचे कायमचे दोन तुकडे झाले असते, म्हणून रस्त्याखालून अंडरपास काढले. पहिल्या टप्प्यांतले अंडरपास आखताना डोळ्यांसमोर होती ती एल्क-हरणंच. अस्वलांचा विचार नंतर आला. १९९७ च्या सुमारास पूर्ण झालेल्या टप्प्यात पहिले दोन ओव्हरपास झाले, प्रत्येकी ५० मीटर रुंद. पुढच्या टप्प्याचं काम साधारण २०१३ पर्यंत चाललं. आज उद्यानातल्या ८२ किलोमीटर रस्त्यावर अशा ४४ वाटा आहेत: सहा वरून, अडतीस खालून.

गाड्यांच्या धडकांपुरतं बोलायचं तर निकाल स्वच्छ होता. कुंपण घातलेल्या भागात प्राण्यांना होणाऱ्या धडका ८० टक्क्यांहून जास्त घटल्या. एल्क आणि हरणांच्या बाबतीत ही घट ९६ टक्के. विम्याचं गणित मांडणाऱ्याला आणि रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला एवढं पुरेसं होतं.

मोजणी झाली, पण कुणाची?

टोनी क्लेव्हेंजर या संशोधकाने १९९६ पासून या वाटांवर पाळत ठेवायला सुरुवात केली. प्रत्येक वाटेवर मऊ मातीचा पट्टा आंथरायचा, काही दिवसांनी जाऊन ठसे वाचायचे, नोंद करायची, माती पुन्हा सारखी करायची. पुढे कॅमेरे आले. इथे अस्वलांच्या दोन जाती आहेत, मोठी तपकिरी ग्रिझली आणि काळी अस्वलं. या नोंदींतून एक गोष्ट लवकर लक्षात आली: ग्रिझली अस्वलांना नव्या वाटांना सरावायला वेळ लागतो. सुरुवातीच्या वर्षात त्यांच्या नोंदी दहाच्या आत होत्या. २००६ पर्यंत वर्षाला शंभरावर गेल्या. कुठला प्राणी कुठली वाट धरतो हेही दिसलं. ग्रिझलीला मोठी, मोकळी, दोन्ही टोकांना उजेड दिसणारी वाट लागते. काळ्या अस्वलाला अरुंद, आडोशाची वाट चालते.

इथे टीकाकारांनी जो मुद्दा काढला तो रास्तच होता. शंभर वेळा ठसे उमटले म्हणजे शंभर अस्वलं गेली का? की एकच धीट नर आठवड्यातून दोनदा इकडून तिकडे जातो आणि आपण प्रत्येक वेळी टाळ्या वाजवतो? ठशावरून जात कळते, माणूस ओळखावा तसं जनावर ओळखता येत नाही. वाघाच्या अंगावर पट्टे असतात, फोटो पाहून कुठला वाघ ते सांगता येतं. अस्वलाच्या अंगावर असलं काही नसतं. नर की मादी हे सांगणंही कठीण.

आणि नर की मादी यावरच सगळं अवलंबून आहे. तरुण नर आईचा इलाखा सोडून दूर जातो, मादी मात्र आईच्या शेजारीच आपला संसार थाटते. ब्रिटिश कोलंबियातल्या फ्लॅटहेड खोऱ्यातल्या अभ्यासात नर सरासरी ३० किलोमीटर लांब गेले, माद्या जेमतेम १०. त्यात बँफच्या ग्रिझली मादीचं प्रजनन फार संथ. पहिली पिल्लं जगवायला तिला साधारण आठवं वर्ष उजाडतं, आणि दोन वेतांमध्ये चार वर्षांहून जास्त अंतर. सबंध उद्यानात ग्रिझली साठ-पासष्टच्या घरात. म्हणजे पिल्लं देणाऱ्या माद्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. माग काढण्यासाठी रेडिओचा गळपट्टा बांधलेल्या अस्वलांच्या अभ्यासातून आधीच दिसलं होतं की ग्रिझली माद्या महामार्ग ओलांडायला फारशा धजत नाहीत.

नदीवर नवा पूल झाला की दोन्ही काठांवरची माणसं बाजाराला येऊ-जाऊ लागतात. ती वर्दळ मोजणं सोपं. पण दोन्ही काठांवरची गावं खरंच जोडली गेली की नाही हे कळतं ते त्यांच्यात सोयरिकी होऊ लागल्या की नाही यावरून. बँफमधला प्रश्न नेमका हा होता, आणि त्याचं उत्तर ठशांत मिळणार नव्हतं.

याच सुमारास थोडं दक्षिणेला काय घडतंय हेही समोर आलं होतं. मायकेल प्रॉक्टर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दक्षिण कॅनडातल्या ग्रिझलींच्या डीएनएवरून दाखवून दिलं की एक महामार्ग आणि त्याच्या कडेने वाढलेल्या वस्त्या यांनी अस्वलांचा पट्टा उभा चिरलाय. नर थोडेफार पलीकडे जातात, माद्या जवळजवळ थांबल्या आहेत. परिणामी वेगळ्या पडलेल्या दोन गटांत शंभर किंवा त्याहून कमी अस्वलं उरली होती, त्यातला एक गट पूर्ण एकाकी. नकाशावर तिथे जंगल सलग हिरवं दिसतं. अस्वलांच्या दृष्टीने ते तुटलेलं होतं.

तारेवर अडकलेले केस

मॉन्टाना स्टेट विद्यापीठातल्या मायकेल सवाया यांनी क्लेव्हेंजर आणि स्टीव्हन कॅलिनोव्स्की यांच्यासोबत हे काम हाती घेतलं. अस्वलाला न पकडता, बेशुद्ध न करता त्याचा डीएनए कसा मिळवायचा, हा पहिला प्रश्न. उत्तर साधं होतं: शेताच्या बांधावर असते तसली काटेरी तार. वाटेवर आडवी ताणायची. अस्वल खालून किंवा वरून जाताना केसांचा पुंजका काट्यात अडकतो. डीएनए असतो तो केसाच्या मुळाशी. नुसत्या केसाच्या काडीत फारसं काही हाती लागत नाही, त्यामुळे मुळासकट उपटलेला केस हवा. काटा ते काम बरोबर करतो.

आधी दोन अंडरपासांवर चाचणी घेतली. भीती ही होती की तार पाहून अस्वलं वाट वापरायचंच सोडतील. मग अभ्यासानेच पुलाचा उपयोग मारून टाकला असं व्हायचं. तसं झालं नाही. अस्वलं बिचकली नाहीत, आणि त्यांच्या नव्वद टक्क्यांहून जास्त फेऱ्यांत तारेवर केस मिळाले. छत्तीस नमुने तपासले, त्यातले पाच वाया गेले, आणखी सहांवरून फक्त जात कळली. पण उरलेल्यांतून जे दिसलं ते मोलाचं होतं: एका अंडरपासमधून पाच वेगवेगळी ग्रिझली गेली होती, आणि त्यात तीन माद्या होत्या. ‘एकच धीट नर’ या शंकेला पहिला धक्का इथे बसला.

मग २००६ ते २००८ अशी तीन वर्षं मुख्य काम चाललं. तेव्हा तयार असलेल्या पंचवीस वाटांपैकी वीस वाटांवर तारा लावल्या. पण नुसत्या वाटांवरचे केस पुरेसे नव्हते. वाट वापरणारं अस्वल उत्तरेचं की दक्षिणेचं हे ठरवायला दोन्हीकडच्या अस्वलांचा संच हाताशी हवा. त्यासाठी जंगलात दोन युक्त्या वापरल्या. पहिली सापळ्याची, म्हणजे नावाला सापळा: चार-पाच झाडांभोवती काटेरी तारेचं कडं करायचं आणि मधे कुजलेलं रक्त, माशाचं तेल असल्या वासाचं मिश्रण ओतायचं. खायला काही ठेवायचं नाही. अस्वल वासाने येतं, हुंगून निघून जातं, केस मागे राहतात. खायला ठेवलं तर अस्वलाला चटक लागते आणि पुढच्या वेळी ते माणसाच्या तंबूत शिरतं. दुसरी युक्ती अस्वलांच्या सवयीवर बेतलेली. ठरावीक झाडांना पाठ घासून वास सोडण्याची त्यांची रीत आहे. अशी झाडं हेरायची, खोडावर तारेचे तुकडे ठोकायचे आणि फेरी मारत राहायचं.

जंगलातलं हे काम चिकाटीचं. प्रत्येक काट्यावरचा पुंजका वेगळ्या कागदी पाकिटात घालायचा, कारण शेजारच्या काट्यावरचा केस दुसऱ्या अस्वलाचा असू शकतो. पाकीट कोरडं ठेवायचं. ओलीत आणि उन्हात डीएनए खराब होतो. मग काट्यावर ज्योत फिरवायची, म्हणजे राहिलेला एखादा केस जळून जातो आणि पुढच्या फेरीला मिळेल तो नवाच असतो. एवढी साधी काळजी घेतली नाही तर मागच्या महिन्याचं अस्वल या महिन्यात ‘पुन्हा आलं’ असं नोंदलं जातं आणि सगळा हिशोब चुकतो.

प्रयोगशाळेत डीएनएमधल्या ठरावीक जागा तपासतात. या जागांवर छोटे तुकडे पुन्हा पुन्हा येतात, आणि किती वेळा येतात ते अस्वलागणिक बदलतं. अशा पुरेशा जागा एकत्र पाहिल्या की अस्वलाची ओळख पटते. प्रत्येक जागी एक प्रत आईकडून, एक बापाकडून, त्यामुळे पिल्लाच्या आईबापांचा माग काढता येतो. उत्तरेकडे एखादी प्रत वारंवार आणि दक्षिणेकडे क्वचित दिसत असेल, तर अशा बऱ्याच जागांवरून एखादं अस्वल मूळ कुठलं याचाही अंदाज बांधता येतो. लिंग वेगळ्या चाचणीत कळतं.

काय निघालं

पहिला निकाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत १५ वेगवेगळी ग्रिझली आणि १७ काळी अस्वलं या वाटांवरून गेली होती. ग्रिझलींत सात माद्या, आठ नर. काळ्यांत आठ माद्या, नऊ नर. म्हणजे जवळपास निम्म्या माद्या. बो खोऱ्यातल्या अस्वलांपैकी किती टक्के वाटा वापरतात याचा अंदाजही काढला. जात आणि वर्ष यांनुसार तो साधारण अकरा ते वीस टक्क्यांच्या दरम्यान निघाला. हे नेमके आकडे नाहीत, अंदाज आहेत.

खरा गाभा २०१४ च्या निबंधात आहे. त्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासल्या.

महामार्गाच्या उत्तर-दक्षिण बाजूंच्या अस्वलांत फरक पडला आहे का? काळ्या अस्वलांत नाही. ग्रिझलींत आहे: रस्त्याच्या दोन बाजूंचे दोन गट डीएनएत वेगळे ओळखू येतात. वाटा वापरणारी ग्रिझली कुठली? काही मूळची उत्तरेची, काही दक्षिणेची, म्हणजे ये-जा दोन्ही दिशांनी चालू आहे, आणि काहींत दोन्हीकडचं मिश्रणही दिसलं. आणि सोयरिकीचं काय? वाटा वापरणाऱ्या काळ्या अस्वलांपैकी ४७ टक्के आणि ग्रिझलींपैकी २७ टक्के अस्वलांची पिल्लं नमुन्यांत सापडली. हिशोब मांडला तर सतरांत आठ आणि पंधरांत चार. दोन्ही जातींत नरही होते आणि माद्याही. नमुन्यात न आलेली पिल्लं या मोजणीत धरता येत नाहीत, त्यामुळे हे आकडे किमान समजायचे.

पंधरांत चार हा आकडा टक्केवारीशिवाय वाचला की किती लहान आहे ते कळतं. तरीही मला तो शंभर फेऱ्यांच्या आकड्यापेक्षा भारी वाटतो. फेरी म्हणजे फक्त चाल. इथे चार अस्वलं पूल ओलांडतात आणि त्यांचा वंशही पुढे गेलेला आहे, एवढं पक्कं कळतं. ‘पुलाचा उपयोग काय’ याचं इतकं थेट उत्तर कॅमेरा देऊ शकत नाही.

हा निकाल कसा वाचायचा

पहिली अडचण: ग्रिझलींमधला फरक रस्त्यानेच पडला असं कशावरून? त्याच खोऱ्यात शंभर वर्षांहून जुनी रेल्वे आहे, नदी आहे, गावं आहेत. रस्ता होण्याआधीचे केस कुणी जमवून ठेवलेले नाहीत, त्यामुळे आधी-नंतरची तुलना करता येत नाही. शिवाय डीएनए उशिरा बोलतो. ग्रिझलीची एक पिढी म्हणजे दहाएक वर्षं; २००६ मध्ये घेतलेल्या नमुन्यात दिसतात ते बरेचसे मागच्या काही दशकांचे परिणाम. म्हणजे वेगळेपण दिसतं ते कदाचित पूल होण्याआधीच्या काळाचं, आणि मिश्रण दिसतं ते पूल झाल्यानंतरचं. काळ्या अस्वलांत फरक न दिसण्याचं कारणही त्यांच्या स्वभावात असावं. त्यांना अरुंद अंडरपास चालतात, आणि ते ओव्हरपासच्या आधीपासून होते.

दुसरी अडचण संशोधकांच्या निष्कर्षाची नाही, तो वाचणाऱ्यांची आहे. निबंधात म्हटलंय की वाटांमुळे जनुकीय एकाकीपण टळेल इतकी देवाणघेवाण होते. हे बरोबर आहे. पण जनुकांच्या देवाणघेवाणीला थोडकी ये-जा पुरते. जनुकशास्त्रात जुना ठोकताळा आहे की दर पिढीला एखादं-दुसरं परकं जनावर येऊन पैदास करून गेलं तरी दोन गट फार वेगळे पडत नाहीत. एक फिरस्ता नर ही गरज भागवू शकतो. मात्र एका बाजूच्या माद्या मेल्या, पिल्लं घटली, तर ती जागा भरून काढायला दुसऱ्या बाजूहून मादीच यावी लागते. जनुकं जोडलेली आहेत एवढ्यावर अस्वलं सुरक्षित आहेत असं म्हणणं म्हणजे वंशवृक्ष पाहून घरात माणसं किती आहेत ते सांगण्यासारखं होईल. रस्त्याचे प्रकल्प मांडणाऱ्यांना ‘पुरेशी’ हा शब्द फार आवडतो; तो कशासाठी पुरेसा, हे दर वेळी विचारायला हवं.

अॅडम फोर्ड, मिर्जाम बारुएटो आणि क्लेव्हेंजर यांनी २०१७ मध्ये हीच गोष्ट दुसऱ्या अंगाने मांडली. १९९७ पासूनच्या नोंदी चाळून त्यांनी पाहिलं की एकटी अस्वलं कुठल्या वाटेने जातात आणि पिल्लं घेऊन फिरणाऱ्या माद्या कुठल्या. पिल्लांसोबतच्या माद्यांचा कल स्पष्टपणे ओव्हरपासकडे आणि मोठ्या, मोकळ्या वाटांकडे होता. एकट्या अस्वलांना लहान अंडरपासही चालत होते. म्हणजे स्वस्तातला अंडरपास बांधला तर तो चाळणीसारखं काम करतो: नर जातात, आई आणि पिल्लं अलीकडेच राहतात. कॅमेऱ्यात अस्वल दिसतं, अहवालात ‘वापर होत आहे’ असं लिहिलं जातं, आणि ज्यांच्यासाठी खर्च केला त्या माद्या मात्र पलीकडे जात नाहीत. सगळ्या प्रकरणात मला महत्त्वाची वाटते ती ही जोडी: डीएनएवरून कळलं की माद्या ओलांडतात आणि पैदास करतात, या नोंदींवरून कळलं की त्या कुठल्या प्रकारच्या वाटेवरून ओलांडतात. दुसऱ्या गोष्टीवर खर्च ठरतो.

कुंपणाच्या पलीकडे

बँफच्या यशकथेला एक काळी बाजू आहे, आणि ती रेल्वेची. रस्त्याला कुंपण झालं, रुळांना नाही. मालगाड्यांतून सांडणारं धान्य, रुळांच्या कडेची हिरवळ आणि चालायला सपाट वाट यांमुळे अस्वलं रुळांवर येतात. रस्त्यावरचे मृत्यू घटल्यावर ग्रिझलींना मारणाऱ्या कारणांत रेल्वे पुढे आली. पार्क्स कॅनडा आणि कॅनेडियन पॅसिफिक ही रेल्वे कंपनी यांनी २०१० पासून काही वर्षं यावर एकत्र संशोधन केलं. पण रस्त्यासारखा एकच ठोस उपाय तिथे निघाला नाही.

कुंपण तरी अस्वलाला अडवतंच असं नाही. २०२४ च्या जूनमध्ये बँफच्या शेजारच्या योहो उद्यानात ‘नाकोडा’ या नावाने ओळखली जाणारी पांढरी ग्रिझली मादी महामार्गावर गाडीखाली आली आणि नंतर दगावली. त्याच दिवशी पहाटे तिची दोन्ही पिल्लं रस्त्यावर मेली होती. रस्त्यालगतची हिरवळ खायला ती कुंपणावर चढून येत असे. पार्क्स कॅनडाने ते कुंपण अधिक पक्कं केलं होतं, तिला हुसकावलं होतं, दूर नेऊन सोडलंही होतं. एका दिवसात एक आई आणि दोन पिल्लं. साठ-पासष्टांच्या लोकसंख्येत असा एक दिवस काय करतो हे आठवं वर्ष आणि चार वर्षांचं अंतर हे आकडे लक्षात असले की कळतं.

बँफचा धडा उद्यानाबाहेर पोचला आहे. कॅनमोरच्या पूर्वेला, ‘बो व्हॅली गॅप’ म्हणतात त्या ठिकाणी, अल्बर्टा प्रांताने त्याच महामार्गावर स्वतःचा ओव्हरपास उभारला. राष्ट्रीय उद्यानाबाहेर असा खर्च करायला प्रांत तयार झाला यात बँफच्या आकड्यांचा वाटा आहे.

पेंचपाशी

आपल्याकडे याला सर्वांत जवळचं उदाहरण म्हणजे नागपूर-शिवनी महामार्ग, पूर्वीचा सात नंबरचा, आताचा चव्वेचाळीस नंबरचा. कान्हा-पेंच भ्रमणमार्ग कापणाऱ्या या रस्त्याच्या चौपदरीकरणाचा वाद वर्षानुवर्षं कोर्टात चालला. शेवटी महाराष्ट्राच्या बाजूला, मनसर ते खवासा दरम्यान, प्राण्यांसाठी नऊ वाटा ठेवून रस्ता उचलून नेला गेला. त्यांतली सर्वांत लांब ७५० मीटर. २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने लावलेल्या कॅमेऱ्यांत अठरा जातींचे प्राणी या वाटा वापरताना दिसले. वाघांचे पट्टे असल्याने कुठला वाघ गेला तेही सांगता आलं. हे उत्तम काम आहे. पण अस्वलाच्या बाबतीत ते बँफच्या १९९६ च्या टप्प्यावर येऊन थांबतं: जनावर दिसतं, पण कुठलं ते कळत नाही.

फरक एवढाच की पेंचला एक गोष्ट आहे जी बँफला कधीच मिळाली नाही. तृष्णा दत्ता आणि सहकाऱ्यांनी सातपुडा-मैकल पट्ट्यातल्या अस्वलांचा जनुकीय अभ्यास २०१५ मध्येच प्रसिद्ध केला, म्हणजे या वाटा खुल्या होण्याच्या आधी. तेव्हा या पट्ट्यातल्या जंगलांमध्ये अस्वलांची जनुकीय देवाणघेवाण चालू असल्याचं दिसलं होतं. पुढे २०२० मध्ये मध्य भारतातल्या वाघ, बिबट्या, अस्वल आणि रानमांजर यांची तुलना झाली. त्यात दिसलं की माणसाच्या वावराचा फटका प्रत्येकाला सारख्या प्रमाणात बसत नाही. म्हणजे वाघ सुखरूप पलीकडे जातो यावरून अस्वलाचं भागलं असं धरता येत नाही. जुना संच हाताशी आहे, त्याच पद्धतीने विष्ठेचे नवे नमुने गोळा करता येतात, नऊ वाटांच्या तोंडाशी काटेरी तार लावायला फारसा खर्च नाही, आणि आपल्या अस्वलाच्या अंगावर केसांची तर मुळीच कमी नाही. अस्वलाची एक पिढी उलटायला वेळ लागतो, तेव्हा नमुने घ्यायला सुरुवात आत्ता केली तर पुढच्या दशकात रस्त्याच्या आधीची आणि नंतरची तुलना पहिल्यांदाच मांडता येईल.